राहून गेलेले आवाज

जॉन बॉनम ड्रम वाजवतो तेव्हा त्याच्या पायाखाली काहीतरी कुरकुरतं. लेड झेपलिनच्या तिसऱ्या अल्बमवर 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' नावाचं गाणं आहे, १९७० सालचं. सात मिनिटांच्या वर चालणारा संथ ब्लूज. रात्री घरातली निजानीज झाली की हेडफोन लावून ऐका. बेस ड्रमचा धप्प आवाज येण्याच्या किंचित आधी एक बारीक 'कुईं' येते. पेडल कोरडं होतं, बाकी काही नाही. पण ती एकदा कानाला लागली की संपलं! रॉबर्ट प्लांट बिचारा जीव तोडून गात असतो आणि आपण पुढच्या 'कुईं'ची वाट बघत बसतो. गिटारवाला जिमी पेज, त्याचीही गत हीच. पुढे जुन्या गाण्यांचा बॉक्स सेट तयार करताना ती कुरकुर त्याला खटकली, आणि दर वेळी ती आधीपेक्षा मोठी ऐकू येते असं तो म्हणाला. अल्बमचा प्रोड्यूसर तो स्वतःच, तेव्हा तक्रार करणार कुणाकडे? त्या पेडलचं मॉडेल 'स्पीड किंग'. ड्रमवाल्यांनी त्याचं 'स्क्वीक किंग' करून टाकलंय.

मला विचाराल तर त्या कुरकुरीला कुणी हात लावू नये. साठ-सत्तरच्या दशकातलं पॉप आणि रॉक मी किती वर्षं ऐकतोय. चाली आवडतात, गिटारी आवडतात, ते तर झालंच. खरी चटक लागली ती या असल्या राहून गेलेल्या आवाजांची. एका खोलीत चार माणसं बसली होती, त्यातलं कुणी खुर्चीत सरकलं, कुणाला ठसका लागला, हे त्यातून कळतं. माणसं तिथे होती याची पावती मिळते म्हणा ना.

या बाबतीत सगळ्यात श्रीमंत गाणं बीटल्सचं, 'अ डे इन द लाइफ'. जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत त्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा मधल्या भागात काय घालायचं हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून चोवीस बार, म्हणजे तालाची चोवीस आवर्तनं, नुसते मोकळे सोडले. आता मोकळी जागा मोजणार कशी? त्यांचा मदतनीस मॅल एव्हान्स मोठ्याने आकडे मोजत गेला आणि चोवीस भरल्याची खूण म्हणून त्याने गजराचं घड्याळ वाजवलं. नंतर त्या जागेत चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा खालच्या स्वरापासून वर चढत गेला. मॅलचे आकडे त्याखाली बरेचसे बुडाले, गजर मात्र टेपवरून काही निघेना. आणि गंमत बघा, गजरानंतर लगेच पॉल मॅकार्टनीचा जो तुकडा सुरू होतो, तो सकाळी झोपेतून उठण्याचाच आहे. मग गजर राहिला तो राहिलाच. कुणी मुद्दाम हे केलं असतं तर थिल्लर वाटलं असतं.

त्याच गाण्याचा शेवट तर मी अभ्यासाला बसल्यासारखा ऐकतो. २२ फेब्रुवारीला तीन पियानोंवर एकदम ई मेजरचा कॉर्ड दणकून दाबला, वर प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिनचं हार्मोनियम चढवलं. स्वर विरत गेला तसतसा इंजिनिअर जेफ एमरिक फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकती कळ, वर ढकलत राहिला, त्यामुळे तो कॉर्ड चाळीस सेकंदांच्या वर टिकतो. पण फेडर वर गेला की एकट्या पियानोचा आवाज थोडाच वाढतो, अख्खी खोलीच वर येते. शेवटाकडे कागद सळसळल्यासारखं होतं. मग खुर्ची करकरते, चांगली स्पष्ट. ती नीट ऐकू यावी म्हणून मी आवाज वाढवत नेतो आणि रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेत मुद्दाम कोरलेली निरर्थक बडबड एकदम कानावर आदळली की दचकतो. पुढे काय येणार आहे हे पाठ असूनही!

हे आवाज राहिले त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. आज एखादी शिंक नको असेल तर माउसने खरवडून काढता येते. साठच्या दशकात बहुतेक वेळा टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज साठवायच्या वेगळ्या पट्ट्या, चारच. दोन-तीन वाद्यं एकाच ट्रॅकवर दाटीवाटीने बसलेली. शिंक काढायला जावं तर गिटारही तिच्याबरोबर जाणार. मग सगळा टेक पुन्हा घ्यायचा की शिंकेसकट ठेवायचा, एवढाच प्रश्न उरायचा. टेक जमून आला असेल तर शहाणी माणसं शिंकेसकट ठेवत.

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये किंग्समेन नावाच्या पोरांनी १९६३ मध्ये 'लुई लुई' रेकॉर्ड केलं, तिथे तर शहाणपणाचा प्रश्नच नव्हता, पैसेच नव्हते. माइक छताजवळ टांगलेला, त्यामुळे गायक जॅक एली मान वर करून ओरडतोय. गिटारचा सोलो संपल्यावर तो घाईने आत शिरतो, आपण लवकर आलो हे लक्षात येऊन गप्प होतो आणि ड्रमवाला मधली जागा दणादण भरून काढतो. सगळं तसंच छापलं. शब्द इतके अगम्य की त्यात अश्लील काहीतरी असणार अशी लोकांना शंका आली, एफबीआयने चौकशी लावली, रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगाने फिरवून ऐकली आणि शेवटी शब्द समजत नाहीत असा निष्कर्ष काढला. तो तर कुठल्याही शाळकरी पोराने फुकट सांगितला असता.

बॉब डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'मधला ऑर्गनही असाच. अल कूपर खरा गिटारवाला. जून १९६५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पाहुणा म्हणून गेला आणि ऑर्गनची जागा रिकामी दिसल्यावर जाऊन बसला. कॉर्ड नीट माहीत नव्हते, म्हणून बाकीचे कुठे जातात ते ऐकून मग तो बोटं ठेवायचा. त्यामुळे ऑर्गन सगळ्यांच्या पाऊलभर मागून येतो. हा काही ऑर्गनवाला नाही, असं प्रोड्यूसर टॉम विल्सन म्हणाला. डिलनने तरीही ऑर्गन मोठा करायला लावला. मुरलेला वादक त्या जागी असता तर वेळेवर आला असता, आणि त्या गाण्याची ती मागे रेललेली चाल गेली असती.

पोलीस या बँडच्या 'रोक्सॅन'च्या सुरुवातीला त्यांचा गायक स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसतो आणि मग हसतो, तो किस्सा बहुतेकांना माहीत असतो. गमतीदार आहे, पण एकदा हसून झालं की झालं. पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर' मात्र जपून ऐकण्यासारखं. आधी मोटारीतल्या रेडिओवर कुणी स्टेशन बदलतंय, चायकोव्हस्कीची चार सेकंदं लागून जातात, मग रेडिओतूनच आल्यासारखी एक किरटी गिटार. तिच्यावर दुसरी, भरदार गिटार येण्याआधी एक माणूस खोकतो आणि नाक ओढतो. तो त्यांचा गिटारवाला डेव्हिड गिल्मर. रेडिओ ऐकत कुणीतरी आपल्या खोलीत गिटार घेऊन बसलंय, असं चित्र एका खोकल्याने उभं राहतं.

आणि मेरी क्लेटन. रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर', १९६९. लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्रीच्या सुमाराला तिला घरून बोलावून घेतलं. ती गरोदर होती, केसांना कर्लर लावलेले, तशीच आली. तिसरं मिनिट उलटता उलटता वरच्या स्वरावर तिचा आवाज चिरतो, मग आणखी चिरतो, आणि मागून स्टोन्सचा गायक मिक जॅगर न राहवून ओरडतो. खरं तर तो मिक्समध्ये यायला नको होता. मी ते पुष्कळदा ऐकलंय. अजून अंगावर काटा येतो तो त्या चिरलेल्या सुरामुळे की मागच्या दादेमुळे, ते मला ठरवता येत नाही.

आपल्याला तशी या गोष्टीची सवय आहे म्हणा. मैफलीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या रांगेतलं 'क्या बात है' असतं, तबलजीची हातोडी असते, कुणाचा तरी भरघोस खोकला असतो. त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही. उलट 'वा' नेमकी कुठे पडली यावरून ती जागा लक्षात ठेवणारे लोक मी पाहिलेत.

आता कुणी म्हणेल, मग चकाचक रेकॉर्डिंग तुला आवडतच नाही का? आवडतं की. स्टीली डॅनचा 'एजा', १९७७. त्यातल्या 'पेग' गाण्याच्या सोलोसाठी एकामागून एक गिटारवाले बोलावले आणि जे ग्रेडनचा वाजवलेला शेवटी पसंत पडला. त्या अल्बमवर धुळीचा कण सापडत नाही. तोही मी तितक्याच आनंदाने लावतो, आणि यात काही विसंगती असेल तर असू दे. भीती वाटते ती वेगळीच. हल्ली एकाच ट्रॅकवर मिसळलेली वाद्यंही संगणक सुटी करून देतो. २०२२ मध्ये बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' तसाच नव्याने मिक्स झाला. सुंदर झालाय, ड्रम आता कुठे मोकळे ऐकू येतात. पण असं हत्यार हातात आल्यावर कुणाला तरी बॉनमच्या पेडलला तेल घालायची हुक्की येणार, ही चिंता आहेच.

आणि या सगळ्यात मुंबईचाही वाटा आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' चित्रपटाच्या संगीतासाठी इथे आला होता. फोर्टमध्ये फिरोजशाह मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथे शिवकुमार शर्मा, आशिष खाँ अशा वादकांना घेऊन त्याने काम केलं. मुंबईत नुसतं मोनो मशीन, म्हणून दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून आणवलं. 'दि इनर लाइट'चं वाद्यसंगीतही तिथलंच. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघालं, बीटल्सच्या सिंगलवर आलेली जॉर्जची पहिली रचना. स्टुडिओत बाहेरचा आवाज अडवायची सोय धड नव्हती. लक्ष देऊन ऐकलं तर 'वंडरवॉल'च्या रेकॉर्डवर टॅक्सी जाताना ऐकू येतात, असं जॉर्जने पुढे सांगितलं. मी त्या टॅक्सी शोधत बसतो. एका ठिकाणी सापडल्यासारखी वाटते, घरातले म्हणतात ती आपल्याच खिडकीखालची रिक्षा. तो असंही म्हणाला की संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, कारण जिन्यावरून धाडधाड उतरणाऱ्या पायांचा आवाज सरळ आत यायचा. आत बीटल बसलाय याचा त्या मंडळींना पत्ता असता तरी फरक पडला असता असं मला वाटत नाही. व्हीटीला कल्याण लोकल लागलेली असताना कोण कुणासाठी हळू उतरतो!