तुम्ही विचारलंत म्हणून: ती शूट का मारत नव्हती

मी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच. पालक विचारतात, दुसऱ्या कॉलेजांतले नवे कोच विचारतात. परवा डेक्कनवर एका जुन्या मैत्रिणीनं स्कूटर बाजूला घेऊन विचारलं. प्रश्न तोच असतो. “तुझ्याकडची ती डिफेन्सवाली पोरगी शेवटच्या वर्षी एकदम स्कोअर कशी करायला लागली? काय ड्रिल दिलंस?” काहीजण दुसरं टोक धरतात. “मग आधीची दोन वर्षं का नाही शिकवलंत?”

पहिल्यांना मी ड्रिल सांगत आले आणि दुसऱ्यांना वेळ मिळाला नाही म्हणून सांगत आले. दोन्ही उत्तरं अर्धी आहेत, आणि तीच तीच अर्धी उत्तरं देऊन आता मला कंटाळा आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

ती कोण, हे विचारणाऱ्यांना माहीत आहे. टीममधल्या पोरी तिला भिंत म्हणायच्या. समोरच्या टीमची सगळ्यात भारी खेळाडू कोण एवढंच ती मॅचआधी विचारायची आणि पुढची चाळीस मिनिटं त्या मुलीचा श्वास कोंडायची. मीही माझ्या काळी तेच करायचे. त्यामुळे ती मला पहिल्या दिवसापासून आवडली, आणि गडबड बहुधा तिथेच सुरू झाली.

तिच्या दुसऱ्या वर्षाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, सेमीफायनल. सिमेंटचं कोर्ट, संध्याकाळची वेळ, बोर्डामागून तिरपं ऊन. पहिल्या मिनिटापासून समोरच्या कोचचा एकच आरडाओरडा चालू होता. “तिला सोड! आत ये, आत!” तिला मार्क करणारी मुलगी चक्क तिच्याकडे पाठ करून डीमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या आखलेल्या जागेत, उभी राहायची. आमच्या उंच पोरीकडे बॉल गेला की तिच्यावर दोघी यायच्या. आमची गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी पोरगी, एकीला चुकवून आत घुसली की समोर आणखी एक अंग तयारच. त्या पाचजणी आमच्या चौघींना अडवत होत्या. दुसऱ्या टोकाला आमच्या भिंतीनं त्यांच्या मुख्य स्कोअररला जवळपास काही करू दिलं नव्हतं, आणि मी त्यावर खूश होते. हाफटाइमला मी म्हणाले, “असंच चालू द्या, डिफेन्सवर काढू मॅच.”

शेवटचं अर्धं मिनिट. आम्ही दोन पॉइंटनी मागे. गार्ड आत घुसली, तिघींमध्ये अडकली आणि तिनं बॉल कोपऱ्यात फेकला. तिथे ती एकटी होती, आजूबाजूला तीन पावलांत कुणी नाही. तिनं बॉल नीट घेतला. गुडघे वाकले, अगदी वाकायला हवेत तेवढे. बॉल छातीपर्यंत आला. आणि तिनं मान वळवून बेंचकडे पाहिलं. माझ्याकडे.

माझा उजवा हात वर गेला. तळवा आधी तिच्याकडे, मग गार्डकडे वळलेला. दे. मी विचार वगैरे काही केला नव्हता, हात आपोआप गेला.

तिनं पास दिला. डीमधली ती मुलगी त्याच पासची वाट बघत पुढे सरकलेली होती. तिनं बॉल उचलला आणि एकटीनं पलीकडच्या बास्केटखाली जाऊन लेअप टाकला. चार पॉइंट मागे, आणि संपलं.

हस्तांदोलनं झाल्यावर ती पायरीवर बसून बोटांची टेप सोडवत होती. मी जवळ गेले आणि म्हणाले, “पास थोडा उंच द्यायला हवा होतास.” तेव्हा मी हेच बोलले, ते बदलून लिहीत नाही. ती म्हणाली, “हो ताई.”

नंतर अमृततुल्यवर सगळ्याजणी चहाला थांबलो. तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हती. बाकीच्या बिलाकडे गेल्यावर म्हणाली, “ताई, मी मारणार होते.”

“मग मारायचा ना!”

“गेल्या वर्षी पहिल्या मॅचला मारला होता. बोर्डालासुद्धा लागला नाही. तुम्ही लगेच सब केलंत. म्हणालात, तुझं काम वेगळं आहे.”

तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगितलं तिनं. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. घरी जाऊन मी त्या मॅचची स्कोअरशीट काढली. स्कोअरशीटवर गेलेली बास्केट असतात, फाउल असतात, टाइमआउट असतात. हुकलेला शूट कुठेच लिहिलेला नसतो. तिच्या नावापुढे शून्य होतं. त्या शून्यात तो शूट होता आणि मी होते.

आता माझी बाजू. दीड तासाचं कोर्ट, तेरा-चौदा मुली, दोन बास्केट आणि त्यातल्या एकाची रिंग वाकडी. जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टावर पाणी, पोती टाकून पुसलं तरी पाय सरकतो. पाऊस थांबतोय तोवर स्पर्धा तोंडावर. एवढ्या वेळात कोच जे हमखास मिळतं तेच पकडतो. शूटिंग एखाद्या दिवशी साथ देत नाही, डिफेन्स रोज देतो. हे मी आजही तसंच मानते. शिरीन लिमयेचं उदाहरण देणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगते, ती पुण्याची आहे, भारताची कर्णधार झाली, तिचा आम्हाला अभिमान आहे, पण प्रत्येक टीमला तशी एक लागते आणि तिच्यासोबत चार वेगळ्या लागतात.

पण वेळ नव्हता म्हणून शिकवलं नाही, इथपर्यंतच ही सबब पुरते. एक शूट हुकल्यावर तिला बाहेर का बसवलं, याला ती पुरत नाही.

त्या काळात माझा आणखी एक ठाम समज होता. ज्याची फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शूट, जात नाही त्याच्यामागे शूटिंगसाठी वेळ घालवू नये. तिची जात नव्हती, त्यामुळे विषय संपला होता. नंतर ब्रूस बोवेनचे आकडे नीट बघितले. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या स्पर्स टीमचा डिफेन्सवाला. २००२-०३ च्या मोसमात थ्री-पॉइंटच्या, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या शूटच्या, टक्केवारीत तो अख्ख्या एनबीएत पहिला होता, ४४.१ टक्के. त्याच मोसमात त्याची फ्री थ्रो होती ४०.४ टक्के. समोर कुणी नसताना, जवळून, त्याला कमी जात होत्या. त्यानं कोपऱ्यातली एक जागा आपली केली होती, पाय तिथे ठेवायचे आणि बॉल आला की मारायचा. पूर्ण शूटर होण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. मी मात्र पोरीला सगळं येईल किंवा काहीच येणार नाही असं धरून बसले होते.

आणि आपल्याबरोबर सेमीफायनलमध्ये काय झालं तेही मला माहीत असायला हवं होतं. एनबीएच्या २०१५ च्या प्लेऑफमध्ये मेम्फिसची टीम वॉरियर्सविरुद्ध २-१ पुढे असताना वॉरियर्सनी आपला उंच सेंटर बोगट मेम्फिसच्या टोनी ॲलनवर लावला, म्हणजे खरं तर ॲलनला मोकळं सोडलं आणि बोगटला बास्केटखाली उभं केलं. ॲलन त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम पाच डिफेन्सवाल्यांत निवडलेला खेळाडू. पुढचे तिन्ही सामने मेम्फिस हरलं. मी ते तेव्हा पाहिलं होतं, त्यावर तावातावानं बोललेही होते. माझ्या कोर्टावर तेच घडलं तेव्हा मी समोरच्या कोचला मनातल्या मनात चिल्लर म्हणत होते.

बरं, ड्रिल. तिचा शूट कमरेजवळून निघायचा, दोन्ही हातांनी ढकललेला. लहानपणी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये भावाच्या सात नंबरच्या बॉलनं खेळलेली. मुलींचा सहा नंबरचा बॉल घेरानं इंचभर लहान आणि वजनालाही हलका असतो, पण हातांना जुन्या बॉलची सवय लागलेली. शूट सुटताना डावा अंगठा बॉलला धक्का द्यायचा. हे ऐकून कुणाला पटत नाही, म्हणून मी बॉलला मधोमध पांढऱ्या टेपची पट्टी गुंडाळली. बॉल सरळ फिरला तर पट्टी हवेत एका रेषेत स्थिर दिसते. तिच्या हातून सुटली की पट्टी संपत आलेल्या भोवऱ्यासारखी डुगडुगायची. तिनं ती बघितली आणि म्हणाली, “ई!” मग बास्केटपासून एक मीटर, डावा हात पाठीमागे, फक्त उजव्यानं. पावसाळाभर कॉलेजच्या व्हरांड्यात, भिंतीवरच्या खडूच्या खुणेवर. कंटाळवाणं काम होतं आणि तिनं ते केलं. यात माझं कौतुक काही नाही, हे सगळ्यांना येतं.

खरं उघडलं ते एका प्रश्नानं. मी तिला विचारलं, “तुला कुणाला मार्क करायचं जिवावर येतं?”

ती पंधरा मिनिटं बोलत होती. दोन वर्षांत इतकं बोललेली मी ऐकली नव्हती. मी बॉलकडे बघितलं की त्याच क्षणी माझ्या पाठीमागून आत पळतात त्या. बॉल मिळाल्यावर थांबून टपटप करत बसत नाहीत, तशाच सुटतात त्या. धावत त्यांच्या अंगावर जावं तर नुसता बॉल वर दाखवतात आणि मी उडते, त्या. वजन कुठल्या पायावर असताना ती स्वतः फसते, हेही तिनं उभं राहून दाखवलं.

मी म्हणाले, “मग तू हेच कर की.”

तिचा सगळा अटॅक एवढाच होता. बेसलाइनवरून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेलगत, मार्करच्या पाठीमागून आत कट. कोपऱ्यात बॉल मिळाला आणि समोरची धावत आली तर शूटची नुसती हुलकावणी आणि एक ड्रिबल. नाही आली तर शूट. आणि स्वतः चोरलेला बॉल आधी ती गार्डच्या हातात देऊन मोकळी व्हायची, तो आता स्वतःच नेऊन टाकायचा, डाव्या हातानंसुद्धा. त्यातलं नव्यानं शिकवायला लागलं ते हातांचं. डोळ्यांना सगळं येतच होतं.

प्रॅक्टिसला एक नियम केला. मोकळी असून मारलं नाहीस तर शिट्टी, बॉल समोरच्यांना. आणि सगळ्या टीमसमोर एक नियम मला स्वतःला घातला. हुकलेल्या शूटवर मी कुणाला सब करणार नाही.

तिसऱ्या वर्षाची पहिली मॅच. तिचे पहिले चार हुकले. एक तर बोर्डाच्या कडेला लागून उडाला. मागून कुणाचे तरी वडील ओरडले, “अरे तिला पास करायला सांगा!” शेजारच्या बेंचवरचे एक ज्येष्ठ सर मला म्हणाले, “अगं, भिंतीला खिडक्या कशाला पाडतेस?” मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. पाचव्या वेळी बॉल आला, ती बेंचकडे बघेल असं मला वाटलं आणि मीच मान खाली घातली. बॉल रिंगवर दोनदा आपटून आत गेला.

त्यानंतर तिची मार्कर डीमधून दीड पाऊल बाहेर सरकली. त्या दीड पावलातून आमची गार्ड दिवसभर आत शिरत राहिली. विचारणाऱ्यांनो, ती “एकदम स्कोअर करायला लागली” हे तुमच्या आठवणीतलं आहे. चांगल्या दिवशी सहा-आठ पॉइंट, बस. स्कोअर बाकीच्यांचा वाढला.

आणि जे कुणीच विचारत नाही ते. तिचा डिफेन्स उतरला. कोपऱ्यातून शूट हुकला की परत पळायला सगळ्यात लांब तिलाच पडायचं. पूर्वी शूट सुटण्याआधीच ती मागे वळलेली असायची. आता ती स्वतःच्या बॉलकडे क्षणभर बघत राहायची, आणि तो क्षण मी तिला कुठल्या तोंडानं नाकारणार? गार्डला मागे थांबवलं तर गार्डचा खेळ आखडला. त्या वर्षी आम्ही क्वार्टरफायनललाच हरलो, आदल्या वर्षीपेक्षा एक पायरी आधी. ज्येष्ठ सर तेव्हा काही बोलले नाहीत. पण त्यांचं वाक्य मला अजून खोडता आलेलं नाही. जी भिंत होती ती तशीच ठेवून गार्डवर जास्त काम केलं असतं तर? असेलही. मी रात्री कधी कधी त्या टीमची वेगळी मांडणी करून बघते आणि त्यात आम्ही फायनलला जातो.

ती आता हिंजवडीत नोकरीला आहे. रविवारी सकाळी अजून येते, नव्या पोरींना दमवते. मागच्या महिन्यात बूट बांधता बांधता मी विचारलं, “सेमीफायनलचा तो कोपऱ्यातला. मी हात केला नसता तर गेला असता का?”

“नाही हो ताई. तेव्हा अंगठा होता ना मध्ये.”

मला नाही पटलं. तिचे गुडघे मी बघितले होते.