नाव वगळले, ओळख राहिली

२०२१ च्या जुलै महिन्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी तापाचे रुग्ण वाढू लागले. पाच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, त्यांतील तिघांना चिकनगुनिया असल्याचे निघाले. मग संस्थेचे पथक गावात आले, त्याने आणखी नमुने घेतले आणि त्यांतून डासांमार्फत पसरणाऱ्या झिका या विषाणूजन्य आजाराचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण सापडला. रोग सर्वेक्षण नीट चालले तर काय साधते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मात्र पुढे आलेल्या बातम्यांत नाव सोडून बाकी सर्व होते: गाव, स्त्री की पुरुष, वय. (वय मी येथे मुद्दाम लिहीत नाही.) मुंबईत एवढ्या माहितीवरून कोणालाही शोधता येणार नाही, परंतु ज्या गावात कोणाच्या घरी आरोग्य खात्याची गाडी थांबली हे संध्याकाळपर्यंत पारावर कळते, तेथे नाव झाकून काही उपयोग नसतो. त्यात झिका लैंगिक संबंधांतूनही पसरू शकतो, म्हणजे कुजबुजीला निमित्त आयतेच.

गावाचे नाव दडवावे, असे मात्र मी म्हणणार नाही. झिकामुळे गर्भाला धोका संभवतो, त्यामुळे गावातील गरोदर स्त्रियांना सावध करणे भागच होते. वय जाहीर केल्याने मात्र कोणाचे रक्षण झाले?

हा प्रश्न आता अधिक टोकदार झाला आहे. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी आणि प्रयोगशाळा आपापले तक्ते दर आठवड्याला भरत. त्यांत मुख्यतः आकडे असत, अमुक उपकेंद्रात तापाचे इतके रुग्ण. एप्रिल २०२१ पासून देशभर आलेल्या नव्या संगणकीय व्यवस्थेत एकेका रुग्णाची नोंद ठिकाणासह आणि जवळजवळ तत्काळ होते. उद्रेक लवकर ओळखायचा तर हे हवेच, कारण निव्वळ बेरजेवरून कोणाला कोणाकडून लागण झाली हे कळत नाही. पण आकड्यांचा कागद हरवला तर फारसे बिघडत नसे. रुग्णांची यादी कोणी मोबाइलवर पुढे ढकलली, तर ती परत घेता येत नाही.

पुण्याला हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सैनिक घराघरांत शिरले, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. लपवलेला रुग्ण कोणत्याच तक्त्यात येत नाही. म्हणून गोपनीयता ही सर्वेक्षणातील अडचण आहे, हे नेहमीचे म्हणणे मला उलटे वाटते.

कोणाचेही नाव न विचारता साथीवर नजर ठेवता येते, हे मुंबईने फार पूर्वी दाखवले आहे. पोलिओच्या विषाणूसाठी तेथील सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जात आहेत. लक्षणे न दिसणारी बालकेही विष्ठेतून विषाणू बाहेर टाकतात, त्यामुळे एकही मूल लुळे पडण्याआधी गटाराचे पाणी इशारा देऊ शकते. त्या पाण्यावरून वस्ती कळते, घर कळत नाही. लसीकरणाची फेरी काढायला वस्ती पुरते, झिकाग्रस्त गरोदर स्त्रीपर्यंत पोहोचायला मात्र घराचे दार ठोठवावेच लागते, आणि तेव्हा दारात परिचयाची आशाताई एकटी उभी असावी, मागे कॅमेरा नसावा.