मॅक्रो अपडेट: उलटी 50 एमएम, बटर पेपर आणि गियरचा वाद

मंडळी, मॅक्रोचं, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढण्याचं, गाडं बऱ्यापैकी पुढे सरकलंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सेटअप तोच, सेकंडहँड कॅनन 700डी कॅमेरा आणि 50 एमएम 1.8 लेन्स, रिव्हर्स रिंगवर (लेन्सचं पुढचं तोंड कॅमेऱ्याला जोडणारी कडी) उलटी लावलेली. सब्जेक्टही घरचेच, गॅलरीतला कढीपत्ता ज्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू येऊन अंडी घालतं, आणि कुंड्यांच्या कडेने फिरणारे जंपिंग स्पायडर.

"कॅमेरा नाही, नजर महत्त्वाची" हे आपल्यात सारखं ऐकू येतं आणि मला ते अर्धंच पटतं. दाखल्याला जुन्या लोकांची नावं घेतात, पण भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावालांचंच बघा ना, त्यांच्या हातात स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स असायचे, म्हणजे त्या काळच्या प्रेस फोटोग्राफर लोकांचे भरवशाचे कॅमेरे. नजर तर होतीच, पण हत्यारही कामाचं होतं. माझं म्हणणं एवढंच, की फोटो नेमका कुठे अडतोय ते आधी शोधा आणि पैसे तिथेच घाला.

माझा अडला होता प्रकाशावर. उलट्या 50 ला साधारण 1:1 मिळतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते, आणि तिथे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ8 इतकं बारीक केलं तरी डेप्थ, म्हणजे शार्प दिसणारा पट्टा, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, म्हणजे कोळ्याचे पुढचे डोळे शार्प आले की पाय गेले. त्यात लेन्स उलटी असल्यावर कॅमेऱ्यातून ॲपर्चर बदलता येत नाही. त्यावर कॅननवाल्यांची जुनी युक्ती आहे, लेन्स सरळ लावून एफ8 सेट करा, डेप्थ प्रिव्ह्यूचं (फोटोआधीच ॲपर्चर बंद करून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि ते न सोडता लेन्स काढा, ॲपर्चरची ब्लेड तिथेच राहतात. व्ह्यूफाइंडर अंधारतो, पण दुपारी भागतं.

मग फ्लॅश. शटर 1/200 सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, म्हणजे आजूबाजूचा उजेड फोटोत जवळपास येतच नाही, आणि कमी पॉवरवर फ्लॅश इतका क्षणभर पेटतो की हात हलला तरी फोटो हलत नाही. पण नुसत्या फ्लॅशने कोळ्याच्या डोळ्यात टाचणीएवढा पांढरा ठिपका येतो आणि पाठीवरचे केस जळाल्यासारखे दिसतात. म्हणून चिप्सचा डबा कापला, आतून फॉइल, तोंडाला बटर पेपरचे दोन थर, आणि तो थेट कोळ्याच्या डोक्यावर येईल असा वाकवला. प्रकाश मऊ होतो तो सब्जेक्टला दिवा केवढा दिसतो त्यावर, आणि इवल्याशा कोळ्याला तो बटर पेपर म्हणजे अख्खं आभाळ! आता डोळ्यात बटर पेपरचा मऊ चौकोन दिसतो, त्याच्या खाली डोळ्याचा तपकिरी-हिरवा रंग उतरतो आणि तोंडाजवळचे पांढरे केस एकेक मोजून घ्यावेत असे सुटे येतात. खर्च किरकोळ, आणि एवढा फरक मला दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने पडलेला नाही.

मित्राची 100 एमएम मॅक्रो पण वापरून झाली. स्थिर बसलेल्या अळीचे दोन्ही लेन्सने काढलेले फोटो A4 प्रिंट काढून शेजारी ठेवले, घरात कोणालाच फरक सांगता आला नाही. फुलपाखरावर मात्र 100 एमएम सरळ जिंकते, कारण माझी उलटी लेन्स दहा सेंटिमीटरच्या आत न्यावी लागते आणि तोवर ते उडून जातं. ऑटोफोकस आहे ते वेगळंच. पक्ष्यांचंही तसंच, भिगवणच्या जलाशयात बोटीतून 250 एमएम लेन्सवर पट्टकदंब हंस एवढासा येतो, तिथे कितीही नजर लावा, अंतर काही कमी होत नाही.

आता अंड्यांच्या मागे लागलोय. अंडं साधारण एक मिलिमीटरचं आणि सेन्सर 22 मिलिमीटर रुंद, म्हणजे 1:1 ला ते फ्रेमच्या रुंदीच्या बाविसाव्या भागात मावतं. इथे बटर पेपर काय करणार, मॅग्निफिकेशनच पाहिजे. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम) 18 एमएमवर उलटी लावली की तिपटीच्या वर जातं, फक्त तिच्या तोंडाचा थ्रेड 58 मिलिमीटरचा आणि माझी रिंग 49 ची, त्यामुळे नवी रिंग मागवलीये. तिथे डेप्थ एक दशांश मिलिमीटरच्या आसपास येईल, स्टॅकिंगशिवाय, म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेल्या फ्रेम एकत्र जोडल्याशिवाय, गत्यंतर नाही. कोणी साध्या स्लायडिंग रेलवर (कॅमेरा पुढेमागे सरकवणारी पट्टी) हाताने स्टॅक करत असेल तर एका फोटोला किती फ्रेम घेता आणि वाऱ्यात फांदी कशी बांधता ते सांगा.