वहीला मारलेल्या पिना

फेब्रुवारीत जिममध्ये डेडलिफ्टच्या (जमिनीवरचा बार उभं राहून मांडीपर्यंत उचलायचा) चौथ्या सेटला, १४० किलो होते बारवर, बार गुडघ्यापर्यंत आला अन् कमरेत खट्ट झालं. बार सोडला आणि तिथंच रबर मॅटवर आडवा झालो, वर पंखा फिरून राहिला होता आणि डोक्यात एकच, आता १५० चं काय. म्हणजे बघा, धड उठता येत नाही अन् काळजी कशाची तर १५० ची.

डॉक्टर म्हणाले स्नायू ताणलाय, पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, एमआरआयची गरज नाही, पण झोपून राहू नका, चालत राहा. असं साधं कमरेचं दुखणं बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतं आणि माझंही थांबलं. डोकं मात्र जाग्यावर यायला लय वेळ लागला.

त्याला कारण माझी वही. सात वर्षांपासून प्रत्येक सेट लिहून ठेवतो मी. घरी बसलो तर रोज तीच काढायची अन् मागच्या वर्षी याच तारखेला किती उचललं होतं ते बघायचं. बायको म्हणाली, "लग्नाचा अल्बम तरी कधी इतक्यांदा पाह्यला का?"

एप्रिलमध्ये परत गेलो. त्रिमूर्तीनगरातली आमची जिम पहाटे पाचला उघडते, उन्हाळ्यात त्याच वेळेला जावं लागतं, नऊनंतर नागपुरात कूलरसमोरून हलायची इच्छा होत नाही. बारखाली दोन रबरी ठोकळे ठेवून रिकामा बार उचलत होतो, २० किलो. बाजूचा पोरगा, एकोणीस-वीसचा असेल, म्हणतो, "काका, वार्मअप झाला असंन तर प्लेटा लावून देऊ का?" आता त्याला काय सांगू की बाप्पा, हाच वर्कआउट आहे माझा. हो म्हणालो. ६० लावले, तिसऱ्या रेपला, म्हणजे तिसऱ्यांदा उचलताना, कंबर पुन्हा आवळली, अजून दहा दिवस घरी. पोरगा बिचारा मदतच करून राहिला होता, लाज मला वाटली त्याला तो काय करणार.

जिमचे सर म्हणाले, "वही आणत नको जाऊ बे." ते काही मला जमणारं नव्हतं. मग एक रात्री स्टेपलर घेतला आणि फेब्रुवारीपर्यंतची सगळी पानं गठ्ठ्या-गठ्ठ्यानं पिना मारून बंद केली. नवीन पानावर लिहिलं: २० किलो, पाचचे तीन सेट, दुखलं नाही, झोप सात तास. तेव्हापासून वजनाच्या बाजूला दुखलं का आणि झोप किती हेही लिहितो. आठवड्याला पाच किलो, त्याच्यावर नाही. १०० व्हायला ऑगस्ट उजाडला, पण तिथं पहिल्यांदा पोचायला मला दीड वर्ष लागलं होतं. कमावलेली ताकद परत यायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो हे ऐकून होतो, वहीत दिसलं.

घरी बसून वेटलिफ्टर मीराबाई चानूचे व्हिडिओ बघायचो. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकात क्लीन अँड जर्कचे (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) तिन्ही प्रयत्न फेल, म्हणून टोटलच, म्हणजे दोन प्रकारांची बेरीज, लागली नाही. पुढच्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन, १९४ किलो, मग टोकियोत २०२ किलो उचलून सिल्व्हर. लोक इथंच थांबतात. पण मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं, २०२४ ला पॅरिसमध्ये ती १९९ वर चौथी आली, ब्राँझ एका किलोनं गेलं. एवढं मेडल घेऊनही अपयश पुन्हा दारात. एकदा पडून उठलं की झालं असं कुठं असतं?

माझंही तसंच झालं. सप्टेंबरमध्ये डेंग्यू. सहा दिवस ताप, चार किलो वजन गेलं, तर्री पोहासुद्धा भुशासारखा लागत होता. दोन दिवस भयंकर चिडलो, भावाचा फोनही उचलला नाही, साधू-संत काही झालो नव्हतो मी. पण ताप उतरला त्या संध्याकाळी वही मागितली आणि एप्रिल ते सप्टेंबर न उघडता पिना मारून टाकल्या. बायकोनं फक्त बघितलं, काही बोलली नाही. तीन आठवडे नुसतं चाललो, अंबाझरीच्या काठानं, मग ६० पासून सुरू. तोच पोरगा होता. "काका, प्लेटा?" म्हटलं नको रे, आज एवढंच.

आता डिसेंबर. काल १०५ होते. पाचव्या रेपला ग्रिप सुटली. वहीत लिहिलं: ग्रिप गेली, कंबर ठीक, झोप चार तास, काऊन की मागच्या गल्लीत लग्नाचा डीजे होता.