काटा शून्यावर यायलाच हवा

माझं पहिलं जुनं क्रोनोग्राफ घड्याळ मनगटावर यायला आठ महिने लागले. पाच शोधण्यात गेले, तीन दुरुस्तीत. कंटाळा मात्र एकदाही आला नाही.

ओढ लागली ती मागचं झाकण उघडलेलं एक घड्याळ पाहिल्यावर. क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीच्या घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच, एवढं मला ठाऊक होतं. पण बटण दाबलं तेव्हा आत एक पट्टी किंचित सरकली, तिच्यावरचं इवलंसं दातेरी चक्र मधल्या चक्राला जाऊन भिडलं आणि काटा निघाला. मग रीसेट केलं, तशी एक छोटी हातोडी बदामाच्या आकाराच्या तुकड्यावर आपटली आणि काटा जिथे होता तिथून थेट शून्यावर आला. हा बदाम मला फार आवडतो. हातोडी त्याच्या कडेवर कुठेही पडो, कड घसरत जाते आणि बदामाची खोबण हातोडीखाली आली की सगळं जागच्या जागी थांबतं. अॅडॉल्फ निकोल यांनी १८४४ साली याचं पेटंट घेतलं. यांत्रिक क्रोनोग्राफचा काटा आजही त्याच युक्तीने घरी परततो.

आपण कोणतं घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. चंद्रावर गेलेलं ओमेगा स्पीडमास्टर किंवा १९६३ची ह्यूअर कॅरेरा माझ्या आवाक्यातली नव्हती. पण वाचता वाचता एक गोष्ट पक्की समजली. त्या काळात बहुतेक कंपन्या क्रोनोग्राफचं मशीन स्वतः बनवतच नसत. व्हॅलजू, व्हीनस, लेमानिया, लँडेरॉन असे मोजके कारखाने मशीन पुरवायचे आणि डझनावारी कंपन्या त्यावर आपापलं नाव घालायच्या. म्हणजे फारसं नाव नसलेल्या डायलखालीही उत्तम मशीन सापडू शकतं. मी लँडेरॉन ४८ हे मशीन असलेलं घड्याळ शोधायचं ठरवलं. चावीचं, साधं, भरपूर संख्येने बनलेलं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात.

पहिलं घड्याळ मी जवळजवळ घेतलंच होतं. डायल इतकी स्वच्छ, की नजर हटेना. मग फोटो मोठा करून पाहिला. आकड्यांच्या कडा जाड, फुगलेल्या. छोट्या डायलमधली बारीक गोल रेघोट्यांची नक्षी रंगाखाली बुजलेली. तळाशी सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत जे ‘स्विस’ असायला हवं, ते गायब. डायल नव्याने रंगवलेली होती आणि विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची धातूची डबी, पॉलिश करून करून पट्ट्याजवळचे कोपरे साबणाच्या वडीसारखे झिजलेले होते. डायलला आलेला पिवळेपणा, एखादा डाग मला चालतो, तो त्या घड्याळाचा स्वतःचा असतो. झिजवलेली केस आणि रंगवलेली डायल मात्र मी घेणार नाही.

तिसऱ्याच्या वेळी आधीच चार गोष्टी मागितल्या: डायलचा उजेडातला फोटो, बाजूने केसचा, झाकण उघडून मशीनचा आणि दोन्ही बटणं चालवून दाखवणारा व्हिडिओ. व्हिडिओत वरचं बटण दुसऱ्यांदा दाबलं तरी काटा थांबेना. मी ‘बिघडलंय’ म्हणून नाद सोडणार होते. सुदैवाने आधी शोधलं. लँडेरॉन ४८ची रीतच तशी आहे. वरचं बटण फक्त सुरू करतं, थांबवतं खालचं आणि शून्यावर आणतंही खालचंच. घड्याळ ठणठणीत होतं. निदान तसं वाटत होतं.

हातात आल्यावर दोन दुखणी दिसली. रीसेट केलं की काटा शून्याच्या पुढे दीड सेकंदावर थांबायचा. शिवाय क्रोनोग्राफ चालू ठेवला की पाच-सात मिनिटांत अख्खं घड्याळच बंद पडायचं.

ज्यांच्याकडे नेलं त्या घड्याळजी काकांनी भिंग डोळ्याला लावलं, वरचं बटण दाबलं आणि बराच वेळ फक्त बघत राहिले. मग मला भिंग दिलं. “बॅलन्स बघ. आता बटण दाब.” दाबताच बॅलन्स व्हीलचा, म्हणजे घड्याळाची चाल राखत मागेपुढे झुलणाऱ्या चक्राचा, झोका डोळ्यांदेखत लहान झाला. तेल वाळून चिकट झालं होतं, त्यात क्लचच्या चक्राचे, म्हणजे पट्टीवरच्या त्या इवल्याशा चक्राचे, दाते मधल्या चक्रात फार खोल रुतत होते. “पकड सैल ठेवली तर काटा घसरतो, घट्ट ठेवली तर घड्याळाचा जीव जातो,” काका म्हणाले. ती पकड एका एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकवलेल्या स्क्रूने जुळवतात, केसभर फिरवून. काट्याचं कारण वेगळं होतं. रीसेटच्या प्रत्येक झटक्याचा ताण काट्याच्या नळीवर येतो आणि वर्षानुवर्षांनी ती सैल होते.

“केस चमकवून देऊ का?” त्यांनी विचारलं.

“नको काका. आणि काट्यांवरच्या रेडियमलाही हात लावू नका.”

ते हसले आणि म्हणाले, तेच बरं. हे इथे मुद्दाम सांगते. जुन्या डायलवरचं रेडियम अंधारात चमकेनासं झालं, तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. चमकणारं रसायन मरतं, रेडियम नाही. त्यामुळे घरी झाकण उघडून ते खरवडू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

तीन महिन्यांनी घड्याळ परत आलं. डायलच्या कडेला टेलिमीटरची पट्टी आहे. प्रकाश आणि आवाज यांच्यातल्या वेळेच्या फरकावरून किलोमीटर सांगणारी, एके काळी तोफा किती लांब आहेत ते मोजायला वापरायचे ती. परवा रात्री वीज चमकली तशी मी वरचं बटण दाबलं. साधारण साडेअकरा सेकंदांनी गडगडाट झाला, खालचं दाबलं. काटा चारच्या थोडा अलीकडे थांबलेला. वादळ चार किलोमीटरच्या आत होतं. खालचं बटण पुन्हा दाबलं. काटा बरोबर साठाच्या रेघेवर आला, तसूभरही इकडेतिकडे नाही. मी पुढच्या विजेची वाट पाहत खिडकीत उभी राहिले.