रेडमाइनचा सर्व्हर हलवला आणि अटॅचमेंट रुसल्या

शनिवारी ऑफिस रिकामं असतं, म्हणून रेडमाइन (कामांची नोंद ठेवायचं आमचं सॉफ्टवेअर) नव्या मशीनवर न्यायला तोच दिवस धरला. जुन्यावर उबुंटू लिनक्स १८.०४ होतं, नव्यावर २२.०४ टाकलं. डेटाबेस चढवला, फाइल्स आरसिंक या कॉपीच्या कमांडने आणल्या, लॉगिनही झालं. पण ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या इन्फर्मेशन पानावर अटॅचमेंटची डिरेक्टरी रायटेबल नसल्याची, म्हणजे तिथे लिहिता येत नसल्याची खूण. जुनी अटॅचमेंट उघडावी तर ४०४, म्हणजे 'सापडत नाही'.

फोल्डरमध्ये डोकावलो आणि पोटात गोळाच आला. '२०१९/०७' मध्ये 'सातबारा उतारा' या नावाची पीडीएफ असायला हवी होती, तिथे तारखेचे आकडे आणि पुढे बत्तीस अक्षरांची अगम्य माळ. वाटलं, कॉपी करताना सगळ्याची वाट लागली. तसं काही नव्हतं. नावात देवनागरी किंवा साधी मोकळी जागा असली तरी रेडमाइन डिस्कवर त्या नावाचा हॅश, म्हणजे नावावरून काढलेली सांकेतिक माळ ठेवतं. खरं नाव डेटाबेसात असतं. हे कळेपर्यंत दोन चहा झाले.

मग मूळ दुखणं. कॉन्फिगरेशन डॉट वायएमएल या सेटिंगच्या फाइलमधला पाथ बरोबर होता, डिप्लॉय नावाच्या युजरच्या होममधलं (त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधलं) फोल्डर, जुन्यासारखंच. फोल्डरची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरकडे, कारण रेडमाइन त्याच युजरखाली चालतं. फोनवर मित्र म्हणाला, "अरे, ७७७ मार आणि मोकळा हो." म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. मारलं. काही फरक नाही.

शेवटी सुडो कमांडने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने तिथे एक रिकामी फाइल बनवून पाहिली: परमिशन डिनाइड. म्हणजे रेडमाइनचा दोष नाही. मग 'नेमआय' या कमांडला एल हा पर्याय लावून पूर्ण पाथ दिला. ती रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून एकेका पायरीची परवानगी दाखवते. फाइल्सच्या फोल्डरवर सगळं खुलं, पण वरच्या 'डिप्लॉय'वर ७५०, म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून कोणालाच आत प्रवेश नाही. उबुंटूने २१.०४ पासून नवी होम फोल्डर्स बाहेरच्यांना बंद केली आहेत. जुन्या मशीनवर ती ७५५ होती, म्हणजे इतरांनाही आत जाता यायचं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, आणि मी आतल्या खोलीचं कुलूप काढत बसलो होतो.

होमच उघडं करता आलं असतं, पण त्यात डिप्लॉयच्या एसएसएच किल्ल्याही (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या गुप्त फाइल्स) आहेत, मन धजेना. फाइल्स 'व्हार/लिब/रेडमाइन' खाली हलवल्या, ७७७ काढून ७५० केलं, पाथ बदलला. डेटाबेसात फक्त '२०१९/०७' आणि फाइलचं नाव असतं, त्यामुळे तिथे हात लावावा लागला नाही. घाईत पाथच्या ओळीच्या सुरुवातीला टॅब पडला, तर रेडमाइन सुरूच होईना. वायएमएलला तिथे स्पेसच लागते. ती दिली, रीस्टार्ट केलं आणि सातबारा उघडला.

इन्फर्मेशन पानावर अजून एक इशारा आहे, इमेजमॅजिक हे चित्रं हाताळायचं सॉफ्टवेअर नसल्याचा. ते ऐच्छिक आहे, आणि त्याने बनणाऱ्या थंबनेलवाचून (चित्रांच्या छोट्या झलकांवाचून) आमचं काही अडत नाही. तो तसाच ठेवला.