क्रॉनमधून मेल का जात नाही?

इंदूरच्या एखाद्या गणेश मंडळाच्या साइटवरून वर्गणीची पावती लगेच मेलवर येते. पण दिवसभराचा हिशोब खजिनदारांना धाडणारी पीएचपी स्क्रिप्ट रात्री क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीने) चालली, की मेल येतच नाही. अशा वेळी कोड उपसत बसू नका, आधी सेटिंग बघा.

उबुंटू आणि डेबियनवर अपाचेची, म्हणजे साइट चालवणाऱ्या वेब सर्व्हरची, पीएचपीची आयएनआय (सेटिंगची) फाइल वेगळी आणि कमांड लाइनची वेगळी असते. आपण बदल करतो पहिल्या फाइलमध्ये, स्क्रिप्ट वाचते दुसरी. टर्मिनलवर 'पीएचपी --आयएनआय' द्या आणि 'लोडेड' म्हणून जी फाइल दिसेल, तीच उघडा. त्यात 'सेंडमेल_पाथ'समोर '/यूएसआर/बिन/एमएसएमटीपी -टी' लिहा; एमएसएमटीपी म्हणजे मेल सर्व्हरकडे मेल धाडणारा छोटा प्रोग्रॅम. 'टी'मुळे पत्ते मेलच्या हेडरमधून घेतले जातात. पूर्ण पाथ द्यायचाच, कारण क्रॉनचा पाथ, म्हणजे तो प्रोग्रॅम शोधतो त्या फोल्डरांची यादी, फार तोकडा असतो. अपाचे रीस्टार्ट करायची गरज नाही. कमांड लाइनची पीएचपी दर वेळी फाइल नव्याने वाचते.

आता एमएसएमटीपीची सेटिंग फाइल. ती होम फोल्डरमध्ये ठेवलीत, तर ज्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) काम आहे त्याच्याच होममध्ये हवी. रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिन युजरच्या) क्रॉनला तुमची फाइल दिसणार नाही. परवानगी 600 ठेवा, आत पासवर्ड असतो. मेल सर्व्हरचा पोर्ट 587 असेल तर टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) आणि स्टार्टटीएलएस (आधी साधी जोडणी, मग एन्क्रिप्शन) दोन्ही चालू. 465 असेल तर टीएलएस चालू, पण स्टार्टटीएलएस बंद. हे राहिलं की जोडणी नुसती लटकते, चूक झाल्याचा संदेशही लवकर येत नाही. 25च्या नादी लागू नका, क्लाउडवाले तो बहुधा बंदच ठेवतात. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्यावर टू-स्टेप चालू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवायला हवी: एमएसएमटीपीकडे रांग नाही. पाठवताना नेट गेलं तर तो मेल हरवलाच. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'मेल' फंक्शनचं उत्तर तपासा; 'फॉल्स' आलं तर हिशोब फाइलमध्ये लिहून ठेवा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. पावसाळ्यात जिथे लाइन वारंवार जाते, तिथे मी पोस्टफिक्स हा रांग सांभाळणारा मेल सर्व्हरच सुचवेन. रिलेहोस्ट (मेल पुढे धाडणारा सर्व्हर) देऊन ठेवला की तो मेल रांगेत धरतो आणि मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस प्रयत्न करत राहतो. पण मग 'ट्रू' याचा अर्थ 'पोचला' नसून 'रांगेत लागला' एवढाच, हे लक्षात असू द्या.

क्रॉन आपल्या कामांचं आउटपुटही मेलने धाडतो; त्यासाठी क्रॉनटॅबच्या वरच्या ओळीत 'मेलटू'पुढे पूर्ण ईमेल पत्ता लिहा. नुसतं युजरनाव असेल तर एमएसएमटीपी तो मेल बाहेर धाडायला जातो आणि सर्व्हर तो नाकारतो. चाचणीही टर्मिनलवर करून थांबू नका. क्रॉनमध्ये दोन मिनिटं पुढची वेळ टाकून स्क्रिप्ट तिथूनच चालवा आणि एमएसएमटीपीचा लॉग उघडून बघा.